लिंबाखालचे दोन ढीग

आबाजी, तुमच्या पिशवीत सापडलेला कागद आता माझ्याकडे आहे. तुमच्या घरच्या आजीनं, तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बोलावून तो माझ्या हातात ठेवला. तिला वाचता येत नाही. "याच्यावर तुह्या बापाचं नाव हाये म्हन्ते," एवढंच म्हणाली आणि आत गेली. स्टँपपेपर आहे. त्यावर शाईनं नऊ ओळी लिहिलेल्या आहेत आणि दहावी अर्ध्यात थांबली आहे. खाली सहीची जागा कोरी आहे.

ती अर्धी ओळ मी इतक्यांदा वाचली आहे की आता कागद मिटलेला असला तरी ती दिसते. पण ती पुढे जात नाही.

रविवारी मी तुमच्याशी भांडून घरी गेले आणि मंगळवारी दुपारी बाबांचा फोन आला. बाबा बुलढाणा ते देऊळघाट काळीपिवळी जीप चालवतात, त्यामुळे गावातली कोणतीही बातमी त्यांना आधी कळते. मी कॉलेजच्या वाचनालयात होते. बाबा म्हणाले, "सरपंच गेले वं." मी विचारलं, "कुठं गेले?" मला खरंच वाटलं, तुम्ही नांदुऱ्याला गेलात, त्या रद्दीवाल्याकडे पुस्तकं चाळायला. मी पुन्हा विचारलं, "एकटेच गेले का?"

मी दोनदा विचारलं.

ग्रामपंचायतीत तुमच्यासाठी सभा झाली. तुम्ही नळ कसा आणला, एसटी गावात यावी म्हणून किती खेटे घातले, ते सगळ्यांनी सांगितलं. मग कोणीतरी म्हणालं, "हे पोरगी दर रविवारी त्यायच्याकडं असे. बोल वं दोन शब्द." मी उभी राहिले. समोर हार घातलेला तुमचा फोटो. आपलं शेवटचं बोलणं हाराशेजारी ठेवण्यासारखं नव्हतं. मी खाली बसले. आता कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लिही म्हणून सर मागे लागले आहेत. तुमच्याबद्दल लिहायला घेतलं तर दोन ओळींत ते तुमच्याशी बोलणं होऊन जातं. मग तसंच राहू दे म्हटलं.

आपलं सुरू झालं ते एका इराणी माणसामुळे. दुसऱ्या वर्षाला सरांनी इतिहासाच्या प्रकल्पासाठी चिठ्ठ्या टाकल्या. मैत्रिणींना बारव आली, आठवडी बाजार आला. मला आला साडेसातशे वर्षांपूर्वीचा एक इराणी मुत्सद्दी, ज्यानं मंगोल खानांची चाकरी केली आणि त्यांचाच इतिहास लिहिला. त्याचं नावसुद्धा मला नीट उच्चारता येत नव्हतं. मराठीत काही सापडेना, इंग्रजी अडखळत येतं. घरी विचारावं तर कॉलेजची पायरी चढलेली आमच्यात मी पहिली. बाबा म्हणाले, "सरपंचाकडं जाऊन पाह्य. त्यायच्याकडं लय पुस्तकं हायेत." तुमची सरपंचकी संपून चाळीस वर्षं होत आली, पण गावात तुमचं नाव तेच.

तुम्ही ओसरीवर बसून चष्म्याच्या काडीला दोरा बांधत होता.

"कोनाची वं तू?"

"काळीपिवळीवाल्याची."

"बस. काय पाह्यजे? दाखला?"

"नाही जी. इराणचा एक मुत्सद्दी पाह्यजे."

तुम्ही इतके हसलात की आजी पिठाच्या हातानं बाहेर आली. "बाप्पा!" तुम्ही तिला म्हणालात, "साऱ्या सरपंचकीत हे कोनं मागतलं नव्हतं."

मराठी शाळा नाल्यापलीकडे आणि उर्दू शाळा घराला लागून, म्हणून तुमच्या वडिलांनी तुम्हाला चौथीपर्यंत उर्दू शाळेत घातलं होतं. त्या चार वर्षांच्या बळावर तुम्ही जन्मभर उर्दू वाचलंत. तुमच्याकडे एक पुठ्ठा नसलेलं उर्दू पुस्तक होतं, नांदुऱ्याला कापूस विकायला गेलात तेव्हा रद्दीतून आणलेलं, कोपरा उधईनं खाल्लेला. त्यात तो माणूस होता. तुम्ही एक ओळ उर्दूत वाचायचात, मग वऱ्हाडीत सांगायचात, आणि मी ती मराठीत उतरवायचे. तुमच्या तोंडी खानसुद्धा आपल्यासारखाच बोलायचा. "खान म्हने, काऊन रे, किल्ल्यात किती मानसं लपवून ठेवले?" मी तसंच लिहून नेलं आणि सरांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं.

पहिल्या मसुद्यात मी त्याला वजीर म्हटलं होतं. सरांनी तेही खोडलं. वजीर त्याचा भाऊ होता, हा बगदादचा कारभार पाहायचा. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही खूश. "मंग त्याले कारभारी म्हनू. जवळचा वाटते." तेव्हापासून तो आपला कारभारी झाला.

उतरवलेलं मी हळू आवाजात वाचून दाखवायचे. अजूनही वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही. तुम्ही ओरडायचात, "मोठ्यानं वाच. इतिहास हाये तो. मेलेल्या लोकायले आयकू गेलं पाह्यजे." आजी आतून म्हणायची, "मेलेल्यायचं राहू द्या, शेजाऱ्यायले झोपू द्या दुपारचं."

कारभाऱ्यावरून आपलं पहिल्या महिन्यातच वाजलं. त्याचे वाडवडील ज्या राजाच्या पदरी होते त्याला मंगोलांनी धुळीला मिळवलं, शहरंच्या शहरं ओस पाडली. आणि हा त्यांच्याच पंक्तीला बसून त्यांचा इतिहास लिहितो. मी म्हटलं, हा कसला इतिहासकार, हा तर नोकर. तुम्ही म्हणालात, "दुरून पाहनाऱ्याले नुसता धूर दिसते पोरी. लाकूड कोनतं होतं ते जवळच्यालेच कळते." मी वहीत लिहून घेतलं. पटलं नव्हतं, पण लिहून घेतलं.

मग ते किल्ल्याचं पान आलं. डोंगरातला एक किल्ला खानानं जिंकला. आत मोठा ग्रंथसंग्रह होता. कारभाऱ्यानं खानाची परवानगी घेतली, आत गेला, चांगली वाटली ती पुस्तकं आणि तारे पाहायची यंत्रं बाजूला काढली. उरलेलं त्यानं जाळून टाकलं. आणि हे सगळं त्यानं स्वतःच्या इतिहासात स्वतःच लिहून ठेवलं. त्या पानावर तुम्ही चष्मा काढलात. "आज इथंच थांबू," म्हणालात. मला वाटलं, डोळे दुखत असतील.

पुढच्या रविवारी मी दुसरी गोष्ट शोधून आणली. त्याचा इतिहास बगदाद पडण्याच्या आधीच थांबतो. वीसेक वर्षं ज्या शहराचा कारभार पाहिला, ते शहर कसं लुटलं गेलं याची त्यानं हकीकतच लिहिली नाही. मी म्हटलं, "भ्यायला." तुम्ही म्हणालात, "ज्याच्या कमरेले किल्ल्या असतात ना, त्याले सारं लिवता येत नाही."

"मग किल्ल्या सोडायच्या."

"तू सोडशीन?"

वहीत नुसता प्रश्न लिहिला.

तुमचीही एक वही होती. लांब, लाल पाठीची, तिच्यात गावाचा इतिहास. वस्ती कशी बसली, दुष्काळात कोण कुठे गेले, नाल्याला पूर आला तेव्हा कोणाची भिंत वाहून गेली. मी तिची साफ नक्कल करून देत होते. ती वही तुम्ही सरपंच झालात त्याच्या आदल्या वर्षी संपते. मी विचारलं होतं, "पुढं?" तुम्ही म्हणालात, "पुढं मी हाये. मी माह्याबद्दल कसा लिवू?" मला तो तुमचा विनय वाटला. मी घरी जाऊन आईला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

आता रविवार.

मला बी.एड.ला जायचं आहे हे तुम्हाला माहीत होतं. त्यासाठी जात पडताळणी लागते आणि पडताळणीला जुना पुरावा. आमच्याकडे जमीन नव्हती, म्हणून जमिनीचा कागद नाही. पणजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळेचा दाखला नाही. राहिलं कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, बाप कोण, जात कोणती, हे कोतवाल त्या वहीत लिहून ठेवायचा. आमचं जुनं असणं फक्त तिच्यात होतं. तहसीलमध्ये अर्ज केला तर उत्तर आलं, आपल्या गावचं त्या वर्षांचं बुक तिथे जमाच झालेलं नाही, ते गावच्या चावडीतच राहिलं होतं. मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. बाबा जेवत होते. म्हणाले, "ते तं जळालं. चावडी पाडली तवा सरपंचानं लिंबाखाली होळी केली होती कागदायची. माहा बाप सांगे."

मी तशीच निघाले.

"आबाजी, चावडीचे कागद तुम्ही जाळले?"

तुम्ही चष्मा पुसत होता. पुसतच राहिलात.

"हाव."

मग तुम्ही सांगितलंत. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंत्री येणार होता, दोन दिवसांत चावडी मोकळी करायची होती. माळ्यावर पोती, पोत्यांत उधई. तुम्ही ती लिंबाखाली ओतलीत. "दोन ढीग केले. एक ठेवाचा, एक जाळाचा. सकाळपासून दुपारलोक एकटाच निवडून राह्यलो होतो."

"कोतवाल बुक कोणत्या ढिगात?"

"जमिनीचे कागद सारे ठेवले पोरी. नकाशे, फेरफार, एकूनएक. लोकायचे वाद चालू होते."

"आबाजी, कोतवाल बुक."

"मले वाटलं, जो जल्मला तो जल्मला, जो मेला तो मेला. त्याचा कागद कोनाले लागन?"

आतून आजी म्हणाली, "यायले काय इचारतं वं, यायनं तं आमची लग्नपत्रिका बी चुलीत घातली होती." हसवायला म्हणाली बिचारी. कोणी हसलं नाही.

मी कधी मोठ्या माणसांना उलट बोललेली नाही. पण त्या दिवशी माझा आवाज शेवटच्या बाकाच्याही पलीकडे गेला. मी म्हटलं, "तुमच्याकडं जमीन होती, म्हणून तुम्हाला जमिनीचाच कागद दिसला." मी म्हटलं, "तुमच्या कारभाऱ्यानं निदान लिहून तरी ठेवलं, काय वाचवलं आणि काय जाळलं. तुम्ही तेवढंही केलं नाही. आमची माणसं तहसीलमधून रिकाम्या हातांनी येतात आणि तुम्ही इथं बसून गावाचा इतिहास लिहिता."

"तुले काय पाह्यजे मंग?"

"एक कागद. वही होती आणि ती कशी गेली. खाली तुमची सही."

तुम्ही खाली बघत म्हणालात, "माहं नाव जाईन पोरी."

"माझं तर अजून आलंच नाही," मी म्हटलं.

मी चप्पल घातली. तुम्ही मागून म्हणालात, "नक्कल तरी घेऊन जाय." मी वळले नाही. तुमचा शेवटचा शब्द मी पाठीवर घेतला आणि तशीच चालत राहिले.

तुम्ही गेलात ते बुलढाण्यात, एवढंच घरी कळलं होतं; मंगळवारचं बाकी सगळं मला तिथे जाऊन शोधावं लागलं. तहसीलबाहेरच्या टिनाखाली हातानं लिहिणारे एकच म्हातारे अर्जनवीस उरले आहेत, बाकी सगळे कॉम्प्युटरवाले. तुम्ही त्यांच्याकडेच गेला असणार हे मला ठाऊक होतं. कागद दाखवला तर त्यांनी अक्षर ओळखलं.

"दहाच्या सुमारास आले," ते म्हणाले. "म्हने, लिवा. सांगत गेले तसा लिवत गेलो. मी म्हटलं, इथं 'त्यांच्या मुलीच्या विनंतीवरून' लिवतो. तं म्हने, विनंती नाही केली तिनं. सांगतलं. तसंच लिवा."

कागदावर तसंच आहे, आबाजी. बाबांचं पूर्ण नाव, आणि पुढे 'यांच्या मुलीच्या सांगण्यावरून'. मग तुम्ही माजी सरपंच असल्याचं. मग 'जुनी चावडी पाडतेवेळी तिथल्या कागदांचे मी स्वतः दोन भाग केले. जमिनीसंबंधीचे कागद जपून ठेवले.' आणि दहावी ओळ: 'उरलेले कागद'.

तिथे थांबली आहे.

"तिथं अडकले," अर्जनवीस म्हणाले. "मी पेन धरून बसलो. म्हने, थांबा, चहा सांगून येतो. अन् कागद पिशवीत घालून स्टँडाकडं गेले."

मी टिनाखालून उन्हात आले आणि मला रडू येण्याआधी राग आला. खोटं सांगत नाही. शेवटी तुम्हीही तिथंच थांबलात, असं वाटलं. बगदादच्या वेशीवर. किल्ल्या कमरेला तशाच.

मग मी स्टँडाकडच्या चहाच्या गाडीवर गेले. गाडीवाल्यानं आधी हात जोडले. त्याला वाटलं मी तुमची नात. "धोतरवाले बाबा ना? दोन चहा सांगतले त्यायनं. एक इथं, अन् एक तिकडं अर्जनवीसायच्या टेबलावर पाठोव म्हने. मी गाळूनच राह्यलो होतो अन् ते बाकावरून खाली आले." त्यानं बाक दाखवला. साधा बाक. त्यावर दोघं जण बसून पेपर वाचत होते. मला त्यांना उठवावंसं वाटलं.

दोन चहा. मी परतीच्या एसटीत तेवढंच म्हणत होते. पळून जाणारा माणूस मागे बसलेल्यासाठी चहा पाठवत नाही. म्हणजे तुम्ही परत येणार होता. ओळ पुरी करणार होता. मग वाटलं, तुम्ही तर पोस्टमनलासुद्धा चहाशिवाय जाऊ दिलं नाही कधी. चहा पाठवून तुम्ही पहिली गाडी धरली असती, तरी ते तुम्हाला शोभलंच असतं. सर म्हणतात, पुरावा जेवढं बोलतो तेवढंच लिहायचं. दोन चहा जेवढं बोलतात त्याच्यापुढे मला जाता येत नाही, आणि तिथे थांबवतही नाही.

आपला कारभारी कसा गेला, त्या पानापर्यंत आपण पोचलो नव्हतो. मी इंग्रजीतून अडखळत वाचलं. त्याच्यावर पुन्हा आरोप ठेवले होते, त्या घालमेलीत तो अचानक गेला. हे मी तुम्हाला रविवारी सांगणार होते. ते पान वहीत दुमडूनच आणलं होतं. भांडणात राहून गेलं.

सही नसलेला कागद पडताळणीला चालत नाही, अर्जनवीसांनीच सांगितलं. पणजोबांचा एक भाऊ मेहकरच्या बाजूला गेला होता, तिकडचं कोतवाल बुक मी आता शोधते आहे. मिळेल किंवा नाही. पण लाल वही आजीनं माझ्याकडे दिली आहे, आणि तिच्यात पुढचं पान कोरं आहे. तुमचा मुलगा पुण्याहून आला होता. म्हणाला, "गेलेल्या माणसाचं काय उकरून काढायचं? नळाचं लिही, एसटीचं लिही." बाबांनाही तेच वाटतं. "तुह्या आईच्या बाळंतपनात त्यायनं बैलगाडी जुतली होती, पुरानं रस्ता तुटला होता तवा," ते म्हणाले. "त्या फेरीत तू झाली. राहू दे ना वं." हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे माझ्या जन्माला तुम्ही हजर होता, आणि पणजोबांच्या जन्माची ओळही तुम्हीच जाळलीत. मी दोन्ही एका हातात कशी धरू?

तू सोडशीन, असं तुम्ही विचारलं होतं. आता कळलं तो प्रश्न केवढा होता. किल्ल्या माझ्या कमरेला आल्या आहेत. पान कोरं ठेवलं तर कोणी मला काही म्हणणार नाही. उलट सभेत बसलेले सगळे म्हणतील, पोरगी गुणाची.

परवा रविवार होता. पाय सवयीनं तुमच्याकडे वळले. आजीनं ओसरीवर चटई टाकली, काही विचारलं नाही. मी वही उघडली. तुमच्या शेवटच्या ओळीखाली माझं अक्षर फार बारीक दिसत होतं, म्हणून मोठं काढलं.

'पुढच्या काळात जुनी चावडी पाडली. सरपंचांनी लिंबाखाली कागदांचे दोन ढीग केले. जमिनीचे कागद वाचवले. जन्ममरणाची वही जाळली. त्या वहीत ज्यांच्याकडे दुसरा कागद नव्हता त्यांची नावं होती.' आणि तुमचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

पेन खाली ठेवलं. त्या रविवारी बोलले ते मी मागे घेतलेलं नाही, आबाजी. फक्त तुम्ही हाक मारलीत तेव्हा वळायला हवं होतं. ते वहीत लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

मग पुन्हा पेन उचललं आणि पुढे लिहिलं. 'हे त्यांनी अखेर स्वतः बुलढाण्याला जाऊन, कोणी नेलं नसताना, लिहून द्यायला घेतलं. वाक्य अर्धं राहिलं. त्या वेळी त्यांनी दोन चहा सांगितले होते, त्यातला एक लिहिणाऱ्याच्या टेबलावर.'

सगळं मोठ्यानं वाचलं. शेजारी दुपारचे झोपले होते, तरी वाचलं. आजी दारात येऊन उभी राहिली. संपल्यावर म्हणाली, "इतिहासात चहा कुठून आला वं?"

तुम्हीही हेच विचारलं असतं. मी ती ओळ खोडली नाही.